लेखनोपचार, दीर्घकालीन आजारांतील

दीर्घकालीन (चिरकारी) आजाराने ग्रस्त असलेल्या व्यक्तीने आपल्या आजाराविषयीचे अथवा आयुष्यातील इतर क्लेशकारक अनुभवांविषयीचे विचार व भावना ठरावीक वेळ, सलग आणि मोकळेपणाने लिहून काढाव्यात व त्यायोगे तिच्या मनावरील ताण हलका व्हावा, या हेतूने योजिलेल्या पद्धतीस लेखनोपचार म्हणतात. दमा, संधिवाताभ संधिशोथ, कर्करोग, मूत्रपिंडांचे विकार इ. आजारांत मूळ रोगावरील वैद्यकीय चिकित्सेला पूरक म्हणून तिचा विचार केला जातो. औषधाची जागा घेणारा उपाय म्हणून ती कधीच सांगितली गेलेली नाही. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीचे स्वरूप, तिचा पुरावा व मर्यादा सांगून बुलढाणा जिल्ह्यासारख्या, दीर्घकालीन आजारांचा भार वाहणाऱ्या ग्रामीण प्रदेशाच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

लेखनोपचारातील लेखन आणि आजारपणातील वाङ्‌मयीन लेखन यांत फरक करणे आवश्यक आहे. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांनी भावबंधन हे आपले नाटक पूर्ण केले व त्यानंतर लवकरच सावनेर (जि. नागपूर) येथे त्यांचे निधन झाले. हे आजारपणातील लेखन असले, तरी त्याचा विषय आजार नव्हता आणि त्याचे लक्ष रंगभूमीवरील प्रेक्षकांकडे होते. अभय बंग यांचे माझा साक्षात्कारी हृदयरोग आणि पद्मजा फाटक यांचे हसरी किडनी ही पुस्तके विषयाच्या दृष्टीने अधिक जवळची आहेत. पहिल्यात एका डॉक्टरने स्वतः रुग्ण झाल्यावर आपल्या जीवनक्रमाची केलेली तपासणी आहे. दुसऱ्यात मूत्रपिंडे निकामी होण्याचा आणि प्रत्यारोपणाचा अनुभव विनोदबुद्धी न गमावता सांगितला आहे. तथापि ही पुस्तके वाचकांसाठी सिद्ध केलेली आहेत. त्यांत निवड, मांडणी व पुनर्लेखन आहे. लेखनोपचारात वाचक गृहीत धरलेला नसतो. लिहिलेले कोणी वाचणार नाही, या खात्रीवरच त्याची उभारणी असते आणि लेखन झाल्यावर कागद फाडून टाकला तरी चालतो.

महाराष्ट्रात अनेक वृद्ध व आजारी माणसे नामजपाच्या वह्या लिहितात. एकच नाम हजारो वेळा लिहून काढण्याने मन एकाग्र व शांत होते, असा त्यांचा अनुभव आहे. लेखनोपचाराशी या लिखित जपाचे साम्य केवळ कागद व लेखणी एवढ्यापुरतेच आहे. जपलेखनात मनातील विचारांपासून चित्त दूर नेले जाते. लेखनोपचारात ते त्या विचारांकडेच वळविले जाते. म्हणूनच जपलेखनाने तत्काळ बरे वाटते, तर लेखनोपचाराने आरंभी पुष्कळदा वाईट वाटते. दैनंदिनी लिहिण्याची सवय यांहून वेगळी आहे. तीत दिवसाच्या घडामोडींची नोंद मुख्य असते आणि नियंत्रित प्रयोगांत अशी नोंद बहुधा तुलनेसाठी, म्हणजे परिणामशून्य लेखन म्हणूनच, वापरलेली आढळते.

पूर्वपीठिका : दडपलेली भावना व्यक्त केल्याने मन शुद्ध होते, ही कल्पना ॲरिस्टॉटलच्या शोकात्मिकेविषयीच्या विरेचन सिद्धांताइतकी जुनी आहे. वैद्यकात तिचा प्रवेश व्हिएन्नातील डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांच्या एका रुग्णामुळे झाला. १८८०–८२ या काळात त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या या तरुणीने, मनातील गोष्टी बोलून दाखविल्याने आपली लक्षणे ओसरतात असे सांगून, या पद्धतीला ‘बोलून होणारा उपचार’ असे नाव दिले. ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिची हकीकत ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने आली आहे. मनोविश्लेषणात पुढे बोलण्यालाच प्राधान्य राहिले. लेखनाचा स्वतंत्रपणे उपयोग करण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९६० नंतर सुरू झाले. आयरा प्रोगॉफ यांनी दैनंदिनीलेखनाची एक विस्तृत पद्धती रचली व जॅक लीडी यांनी १९६९ मध्ये काव्योपचारावरील लेखांचा संग्रह संपादित केला. परंतु या प्रयत्नांचा आधार वैयक्तिक अनुभव हाच होता. परिणाम मोजून पाहण्याची सोय त्यांत नव्हती.

ती सोय जेम्स पेनेबेकर (१९५०– ) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाने झाली. सँड्रा बील यांच्यासह त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहिण्यास सांगण्यात आले. एका गटाने क्षुल्लक विषयांवर लिहिले. बाकीच्या तीन गटांना आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभव हा विषय दिला होता. मात्र एकाने फक्त घटना, दुसऱ्याने फक्त भावना आणि तिसऱ्याने घटना व भावना दोन्ही लिहावयाच्या होत्या. तिसऱ्या गटातील विद्यार्थी पुढील सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राकडे इतरांपेक्षा कमी वेळा गेले. लेखन संपताच मात्र याच गटाची मनःस्थिती अधिक खिन्न झालेली होती व रक्तदाबही चढलेला होता. घटना सांगून भावना वगळणे किंवा भावना ओतून घटना न सांगणे, यांपैकी एकानेही हे साधले नाही, हा या प्रयोगातील सर्वांत लक्षणीय भाग होय. पुढील काळात मात्र त्याकडे दुर्लक्षच झाले. ‘मन मोकळे करा’ असा जो सल्ला सरसकट दिला जातो, त्याला या प्रयोगाने अर्धाच दुजोरा मिळतो.

१९८८ मध्ये पेनेबेकर यांनी जॅनिस किकोल्ट-ग्लेझर व रोनाल्ड ग्लेझर यांच्यासह केलेल्या प्रयोगात लेखनानंतर रक्तातील लसीका कोशिकांच्या प्रतिसादात वाढ आढळली. न्यूझीलंडमध्ये कीथ पेट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना यकृतशोथ-ब या रोगाची लस देण्यापूर्वी चार दिवस लेखन करविले; त्यांच्या रक्तात पुढील काही महिन्यांत प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आढळले (१९९५). अशा निष्कर्षांमुळे ही पद्धत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे वळली.

रुग्णांवरील प्रयोग : या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला प्रयोग जोशुआ स्मिथ व सहकारी यांचा असून तो अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दमा किंवा संधिवाताभ संधिशोथ असलेल्या ११२ रुग्णांची त्यात नोंदणी करण्यात आली होती. लागोपाठ तीन दिवस, रोज २० मिनिटे लिहावयाचे होते. नियंत्रण गटाने दिवसभराच्या बेतांविषयी लिहिले. प्रायोगिक गटाने आयुष्यातील सर्वांत ताणाच्या अनुभवाविषयी. सर्वांचे नेहमीचे औषधोपचार चालूच होते. चार महिन्यांनंतर दम्याच्या रुग्णांत पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकता येणाऱ्या हवेचे प्रमाण अपेक्षित मूल्याच्या ६३.९ टक्क्यांवरून ७६.३ टक्क्यांवर गेले. संधिशोथाच्या रुग्णांत, कोणी काय लिहिले याची माहिती नसलेल्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीत, रोगाची तीव्रता सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. एकंदर प्रायोगिक गटातील सुमारे ४७ टक्के व नियंत्रण गटातील सुमारे २४ टक्के रुग्णांत वैद्यकीय दृष्ट्या अर्थपूर्ण सुधारणा झाली. एकूण एक तासाच्या लेखनाने एवढा फरक पडावा, हे अनेकांना अविश्वसनीय वाटले. पुढील संशोधन पाहता ती शंका अगदीच अनाठायी नव्हती.

त्याआधी १९९७ मध्ये केली, लम्ली व लायझेन यांनी संधिवाताभ संधिशोथाच्या ७२ रुग्णांवर केलेला प्रयोग तुलनेने अप्रसिद्ध राहिला. या रुग्णांनी लिहिले नाही, तर एकांतात बसून ध्वनिमुद्रकापुढे चार दिवस, रोज १५ मिनिटे ते बोलले. प्रत्येक बैठकीनंतर त्यांची मनःस्थिती बिघडली. तीन महिन्यांनंतर मात्र त्यांची खिन्नता कमी झाली आणि रोजचे व्यवहार करण्याची क्षमता वाढली. त्यांच्या सांध्यांच्या स्थितीत कोणताही बदल झाला नव्हता. सुजलेला सांधा तसाच राहिला, परंतु त्या सांध्यासह जगणे थोडे सोपे झाले. लेखनोपचाराकडून वाजवीपणे किती अपेक्षा ठेवावी, याचे हे उदाहरण अधिक उपयोगी आहे. लिहिता न येणाऱ्यांच्या दृष्टीनेही त्याला महत्त्व आहे.

ॲनेट स्टॅन्टन व सहकारी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्तनाचा कर्करोग असलेल्या ६० स्त्रियांवरील प्रयोगात आजाराविषयीच्या खोल भावना लिहिणाऱ्या स्त्रियांमध्ये तीन महिन्यांनंतर शारीरिक तक्रारी कमी आढळल्या. आजारातून काही चांगले लाभले असल्यास त्याविषयी लिहिणाऱ्या दुसऱ्या गटालाही डॉक्टरांकडे कमी वेळा जावे लागले. आपल्या दुखण्याचा विचार करणे ज्यांना टाळावेसे वाटत होते, त्यांना हा दुसरा मार्ग अधिक मानवला. २००४ मध्ये पेट्री यांच्या गटाने एचआयव्हीबाधितांच्या एका लहान गटात लेखनानंतर सीडी-४ पेशींची संख्या वाढल्याचे नोंदविले. तर २०१३ मध्ये न्यूझीलंडमधीलच एका प्रयोगात ६४ ते ९७ वर्षे वयाच्या व्यक्तींच्या त्वचेवर केलेली लहान जखम, लेखन करणाऱ्यांत अधिक लवकर भरून आल्याचे दिसले.

प्रतिकूल पुरावा : अनुकूल निष्कर्षांना जेवढी प्रसिद्धी मिळाली, तेवढी प्रतिकूल निष्कर्षांना मिळालेली नाही. दम्याच्या १३७ प्रौढ रुग्णांवर २००५ मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात लेखनाचा श्वसनक्षमतेवर काहीही परिणाम आढळला नाही. स्नायुतंतूंच्या चिरकारी वेदनेच्या विकारात चार महिन्यांनी दिसलेली सुधारणा दहा महिन्यांनी टिकली नव्हती. जोॲन फ्रॅटारोली यांनी २००६ मध्ये १४६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात लेखनाचा परिणाम खरा असला, तरी सरासरीने फार लहान असल्याचे निष्पन्न झाले. दीर्घकालीन आजारांपुरता मर्यादित असा ६४ अभ्यासांचा आढावा ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात, रुग्णाने एकट्याने, मार्गदर्शनाशिवाय केलेल्या भावनालेखनाला फारच थोडा आधार मिळतो असे मत देण्यात आले. जाणत्या व्यक्तीच्या सोबतीने, बहुधा गटात केलेल्या लेखनाविषयीचे अभ्यास थोडे होते, पण त्यांतील चित्र काहीसे आशादायक होते.

या परस्परविरोधी निष्कर्षांचे एक कारण असे, की येथे औषधाप्रमाणे मात्रा निश्चित नसते. दोन रुग्ण वीस मिनिटांत सारखेच शब्द लिहितील, पण एकाने आयुष्यात प्रथमच उच्चारलेली गोष्ट लिहिलेली असेल आणि दुसऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना शंभर वेळा सांगितलेली. प्रयोगात या दोघांची गणना एकाच गटात होते.

परिणाम कसा होतो, याविषयी अनेक उपपत्ती मांडण्यात आल्या आहेत. भावना दडपून ठेवणे हे शरीराला श्रमाचे काम असून लेखनाने ते श्रम थांबतात, ही पेनेबेकर यांची मूळ कल्पना होती. ती आता अपुरी मानली जाते. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखनातील शब्दांची गणना केली. ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळते’ यांसारख्या अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाल्याचे त्यांना १९९७ मध्ये आढळले. पहिल्या दिवशीच ज्यांची कथा सुबक व पूर्ण असते, त्यांना पुढे फारसे मिळवायचे उरत नाही. २००१ मध्ये स्मिथ यांच्या एका प्रयोगात क्लेशकारक अनुभवाची तुटक यादी करणाऱ्यांना लाभ झाला नाही. तोच अनुभव कथेच्या रूपाने लिहिणाऱ्यांना झाला. दीर्घकालीन आजार माणसाच्या आयुष्याचा क्रम तोडतो. मुलीचे लग्न, शेतातील विहीर, नोकरीतील बढती हे सर्व पुढे ढकलले जाते आणि दिवस केवळ तपासण्यांच्या तारखांनी मोजले जाऊ लागतात. तुटलेला हा क्रम शब्दांत पुन्हा जोडून पाहणे, हे लेखनोपचाराचे खरे कार्य असावे, असे या प्रयोगांवरून वाटते. त्वेषाने ओकून टाकणे हे ते नव्हे.

पद्धती : बसण्याची जागा निवांत असावी व तेथे कोणी व्यत्यय आणू नये. तीन किंवा चार दिवस, शक्य तर लागोपाठ, रोज १५ ते २० मिनिटे न थांबता लिहावे. काही सुचेनासे झाल्यास आधीचेच वाक्य पुन्हा लिहावे, पण हात थांबवू नये. विषय एकच ठेवावा किंवा बदलावा. मात्र काय घडले आणि त्या वेळी काय वाटले, या दोन्ही गोष्टी याव्यात. शुद्धलेखन, विरामचिन्हे व अक्षर यांकडे लक्ष देऊ नये. ही शेवटची सूचना दिसते तेवढी सोपी नाही. ज्यांचा लेखनाशी संबंध शाळेतील निबंधापुरता आला, त्यांना लेखणी हातात घेताच गुरुजींच्या लाल शाईची आठवण होते आणि त्यांचे वाक्य आपोआप पुस्तकी होऊ लागते. अशांना बोलीत लिहिण्यास सांगावे लागते. पश्चिम विदर्भातील रुग्णाचे दुखणे वऱ्हाडीत जसे उतरेल, तसे ते प्रमाण मराठीत उतरणार नाही. संधिशोथात बोटे वळत नाहीत, कंपवातात अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. अशा रुग्णांनी लिहिण्याऐवजी ध्वनिमुद्रकापुढे बोलावे, हे अधिक श्रेयस्कर ठरते.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात : बुलढाणा हा अमरावती विभागातील तेरा तालुक्यांचा जिल्हा असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात भूजल खारट आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौ. किमी. क्षेत्रात पसरलेला हा प्रदेश ‘खारपाणपट्टा’ म्हणून ओळखला जातो. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावे त्यात मोडतात. या गावांतून मूत्रपिंडांच्या चिरकारी विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळत आले आहेत आणि गावकरी त्याचा संबंध विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्याशी लावतात. उच्च रक्तदाब व मधुमेह हीही या विकाराची प्रमुख कारणे असल्याने कोणत्या रुग्णात कशाचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. वान धरणातून नळाने पाणी पुरविण्याची योजना या भागासाठी राबविण्यात आली, ती याच पार्श्वभूमीवर.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, अपोहनाच्या (डायालिसिसच्या) यंत्राला जोडून घ्यावे लागते. जाण्यायेण्याचा वेळ धरता प्रत्येक खेपेला एक पूर्ण दिवस जातो. शेतमजुराच्या बाबतीत त्या दिवसाची मजुरीही जाते आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचीही. पिण्याचे पाणी मोजून प्यावे लागते. उन्हाळ्यात हे पथ्य किती जाचक होत असेल, याची कल्पना या प्रदेशाचे तापमान ठाऊक असलेल्यास करता येईल. या आजारात बरे होण्याची अशी तारीख नसते आणि म्हणून सांत्वनाचे नेहमीचे शब्दही उपयोगी पडत नाहीत. अपोहनासाठी रोहिणी व नीला जोडण्याची शस्त्रक्रिया शक्यतो ज्या हाताचा वापर कमी त्या हातावर करतात, त्यामुळे उजखोऱ्या रुग्णाचा उजवा हात चार तास मोकळा असतो. लेखनाला वेळ आणि हात दोन्ही उपलब्ध आहेत, असे यावरून वाटेल. पण अपोहन कक्षात खाटेला खाट लागलेली असते व एकांत हा लेखनोपचाराचा पहिला नियमच तेथे मोडतो.

एकांताची अडचण घरीही आहे. दोन खोल्यांच्या घरात वही ठेवायला कुलपाची जागा नसते. सून काय लिहिते, हा प्रश्न सासूला पडतो. आणि आजाराची वाच्यता झाल्यास धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ही भीती कुटुंबाला असते. शिवाय मराठी पत्रलेखनाची जुनी रीतच अशी आहे, की आरंभीच ‘येथील सर्व क्षेम’ असे लिहावे आणि मग उरलेला मजकूर. घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असले तरी ही ओळ बदलत नसे. पोस्टकार्ड तर वाटेतील सर्वांनी वाचावे असेच. कागदावर दुःख न आणणे हा सभ्यतेचा भाग मानणाऱ्या समाजात, कागदावर दुःखच आणावे असे सांगणारी पद्धत रुजण्यास वेळ लागणार, हे उघड आहे.

याच जिल्ह्यातील ताराबाई शिंदे यांचे उदाहरण आजाराशी संबंधित नसले, तरी येथे उद्‌बोधक ठरते. बुलढाण्याच्या या लेखिकेने मनातील संताप स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या निबंधात उघडपणे मांडला. त्यावर कठोर टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू सत्सारमध्ये घेतली, तरी ताराबाईंचे त्यानंतरचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही. व्यक्त होण्याने हलके वाटते की घायाळ व्हावे लागते, हे पुष्कळदा वाचक कोण यावर अवलंबून असते. आजारी माणसाला आपले लेखन समाजमाध्यमांवर टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

जिल्ह्यात २०११ मध्ये साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८३ टक्के, स्त्रियांत सुमारे ७६ टक्के होते. ज्या वयोगटात दीर्घकालीन आजार अधिक, त्या वयोगटात लिहिता येणाऱ्यांचे प्रमाण याहून कमी असणार. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद परिसरात कोरकू व निहाली भाषक लोक राहतात. निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता न आलेली, अल्पसंख्य लोकांची भाषा असून तिला लेखनपरंपरा नाही. अशा व्यक्तीने मराठीत लिहावे असे सांगणे, म्हणजे दुःखाचे आधी भाषांतर करून मग ते मांडावे असे सांगणे होय. अशा ठिकाणी केली, लम्ली व लायझेन यांच्या पद्धतीप्रमाणे एकांतातील कथनच योग्य. त्यासाठी लागणारे ध्वनिमुद्रण आता साध्या मोबाइल दूरध्वनीवरही होऊ शकते.

निरक्षर स्त्रियांनी भावना व्यक्त करण्याचे स्वतःचे साधन पूर्वीच निर्माण केले होते. पहाटे जात्यावर दळताना म्हटलेल्या ओव्यांत सासुरवास, वांझपण, भावाची ओढ यांबरोबर दुखणीबाणीही येतात. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. जात्याच्या घरघरीत शब्द अर्धेमुर्धे बुडून जात; बाईला हवे ते बोलता येई आणि कोणी ऐकले तर ती परंपरेची ओवी आहे असे म्हणताही येई. लेखनोपचार ज्यासाठी बंद खोली मागतो, ते संरक्षण येथे जात्याचा आवाज देत असे. पिठाच्या गिरण्या आल्यावर दळणाचे कष्ट वाचले, हे फार मोठे सुख झाले. त्यासोबत हा एक आडोसाही गेला.

लेखनोपचाराचा दुरुपयोग होण्याचा धोका विशेषतः अशा प्रदेशात संभवतो. आजाराचे मूळ मनातील ताणात आहे व तो ताण कागदावर उतरविला की शरीर सुधारेल, अशी समजूत पसरल्यास न सुधारणाऱ्या रुग्णावरच दोष येतो. ज्याच्या आजाराची शंका विहिरीच्या पाण्याकडे जाते, त्याला शुद्ध पाणी, वेळेवर रक्तदाबाची तपासणी आणि घराजवळ अपोहनाची सोय मिळाली पाहिजे. वही ही त्यानंतरची गोष्ट आहे. शासकीय वा धर्मादाय आरोग्य केंद्रात ही पद्धत वापरावयाची झाल्यास २०१६ च्या आढाव्यास अनुसरून ती लहान गटात, प्रशिक्षित समुपदेशक किंवा परिचारिकेच्या सोबतीने आणि लिहिलेले वाचून दाखविण्याची सक्ती न करता वापरावी.

निषिद्धता : नुकताच मोठा आघात झालेल्या व्यक्तीकडून, सर्वसाधारणपणे पहिल्या महिन्यात, त्या आघाताविषयी लेखन करवू नये. तीव्र अवसाद, आत्महत्येचे विचार, आघातोत्तर ताणविकृती आणि चित्तविकृती या अवस्थांत रुग्णाने एकट्याने असे लेखन करणे घातक ठरू शकते. तेथे मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणे हाच मार्ग होय. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांच्या दर्ग्याला मनोरुग्णांना घेऊन येणारी कुटुंबे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. अशा कुटुंबांत रुग्णाची सेवा करणाऱ्या व्यक्तीवरही मोठा ताण असतो व लेखनाचा उपयोग झाल्यास रुग्णापेक्षा तिलाच होण्याचा संभव अधिक आहे. लिहिता लिहिता एखादा विषय असह्य होत आहे असे वाटताच तो सोडून दुसऱ्या विषयाकडे वळावे किंवा लेखन थांबवावे, असा पेनेबेकर यांचा दंडक आहे. लेखनानंतर एकदोन तास वाटणारी खिन्नता स्वाभाविक मानली जाते. ती अनेक दिवस टिकल्यास अथवा झोप व भूक यांवर तिचा परिणाम होऊ लागल्यास लेखन बंद करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.